परिचारिकेच्या शिक्षणाची पहिली पायरी

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत दरवर्षी निकालाचे दिवस आले म्हणजे एक प्रश्न हटकून विचारला जातो. मुलगी बऱ्यापैकी शिकली आहे, तिच्या मनात नर्स व्हावयाचे आहे. तर तिला कोठे घालावे? तीन वर्षांच्या शिक्षणास घालावे की चार वर्षांच्या पदवीस? जवळच्या शाळेत घालावे की दूरच्या मोठ्या इस्पितळात? दिसावयास हा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा आहे, आणि पुष्कळ आईबाप तो गाडीभाडे व फी यांचा हिशेब करून सोडवितात. परंतु थोडा खोल विचार केला तर त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो नीतीचा आहे. तो असा: जिने अद्याप एकाही रोग्याच्या उशाशी रात्र काढली नाही, तिने पहिल्याच दिवशी पुढच्या मोठ्या पदवीकडे नजर ठेवून आपली वाट निवडावी, हे योग्य आहे काय?

ह्या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. कित्येक वडीलधारी माणसे म्हणतात की, सेवा करावयाची तर सेवाच करावी. रोग्याचे अंथरूण बदलणारीस मोठ्या पदवीची हाव कशाला? जी वर चढण्याची घाई करते तिचे लक्ष खाली राहत नाही. उलटपक्षी शहर पाहून आलेले कित्येक तरुण म्हणतात की, पदवीवाचून सर्व व्यर्थ आहे. जी तीन वर्षांच्या शिक्षणास गेली तिचा जन्म दुसऱ्याच्या हुकुमाखाली गेला. तेव्हा शेत विकावे लागले तरी विकावे, पण मुलीला पदवीसच घालावे. आमच्या मते ह्या दोन्ही म्हणण्यांत काही सत्य आहे आणि दोन्हींत एकेक चूक आहे. ती दाखविण्यापूर्वी ह्या शिक्षणाची व्यवस्था कशी आहे हे स्पष्ट सांगणे जरूर आहे. कारण पुष्कळ ठिकाणी भलती निवड होते ती कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे, तर माहितीच्या अभावी होते.

हल्ली परिचारिकेच्या शिक्षणाच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली ए.एन.एम. ची. ती दोन वर्षांची असून तिच्यातून उपकेंद्रात काम करणाऱ्या व गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका तयार होतात. दुसरी जी.एन.एम. ची, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या यांची. ती तीन वर्षांची आहे. तिसरी बी.एस्सी. नर्सिंगची. ती चार वर्षांची असून विद्यापीठाची पदवी आहे. आपल्या राज्यातील बहुतेक नर्सिंग कॉलेजे नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठास जोडलेली आहेत. ह्या तिसऱ्या वाटेने जावयाचे तर बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेतलेले असावे लागतात. सर्वसाधारण उमेदवारास त्यांत एकंदर ४५ टक्के गुण लागतात. आणि राज्याची प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. जी.एन.एम. ला विज्ञान शाखेची सक्ती नाही. कला शाखेची मुलगीही इंग्रजीसह बारावी होऊन ४० टक्के गुणांवर तेथे पात्र ठरते.

ह्यापुढची पायरी एम.एस्सी. नर्सिंगची. ती दोन वर्षांची असून तिच्यात पाच शाखा आहेत: औषधोपचार व शस्त्रक्रिया यांच्या रोग्यांची परिचर्या, बालकांची परिचर्या, प्रसूती व स्त्रीरोगांची परिचर्या, मनोरुग्णांची परिचर्या आणि गाववस्तीच्या आरोग्याची परिचर्या. तेथे शिरावयास तीन गोष्टी लागतात. विद्यार्थिनी पदवीधर असून तिचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदलेले असावे, ही पहिली. पदवीच्या अभ्यासक्रमात तिला एकंदर निदान ५५ टक्के गुण असावेत, ही दुसरी. आणि तिने निदान एक वर्ष प्रत्यक्ष काम केलेले असावे, ही तिसरी. जी.एन.एम. झालेल्या मुलीस एकदम एम.एस्सी. ला जाता येत नाही. परंतु तिच्यासाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नावाची दोन वर्षांची पदवी आहे, आणि ती मिळविल्यावर तिलाही तेच दार उघडते. अनुभवाचे एक वर्ष तिने ह्या पदवीपूर्वी केलेले असले तरी ते धरले जाते.

आता वाचकांनी बोटांवर हिशेब करून पाहावा. जी मुलगी थेट पदवीस गेली तिला चार वर्षे शिक्षणाची, एक अनुभवाचे व दोन एम.एस्सी. ची, अशी सात वर्षे लागतात. जी जी.एन.एम. ला गेली तिला तीन वर्षे पहिल्या शिक्षणाची, एक अनुभवाचे, दोन पोस्ट बेसिक पदवीची व दोन एम.एस्सी. ची, अशी आठ वर्षे लागतात. म्हणजे ज्या दोन वाटांमध्ये आकाशपाताळाचे अंतर आहे असे लोक समजतात, त्यांच्या टोकाशी अंतर केवळ एका वर्षाचे आहे. मात्र ए.एन.एम. ची गोष्ट निराळी. त्या वाटेने गेलेल्या मुलीस पुढे जावयाचे झाल्यास जी.एन.एम. चा तीन वर्षांचा अभ्यास नव्याने करावाच लागतो. ते काम हलके आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या कित्येक वाड्यांवर ताप आला तर पहिली पायधूळ आरोग्यसेविकेचीच झडते. परंतु पुढे शिकण्याची ज्या मुलीची इच्छा आहे तिने ही गोष्ट आधी जाणून मग त्या वाटेस लागावे.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि ती आईबापांच्या लक्षात फार उशिरा येते. नर्सिंगची निवड बारावीनंतर होते असे सर्वांस वाटते. वास्तविक ती दहावीनंतरच होऊन जाते. विज्ञान शाखा तालुक्याला आहे, तेथे जाण्यायेण्यास एस.टी. चा खर्च पडतो, आणि कला शाखा जवळच्या गावी आहे, एवढ्या कारणावरून मुलीला कला शाखेत घातले की थेट पदवीचे दार त्याच दिवशी लागते. ते कोणी लावले हे मुलीस माहीत नसते व आईबापांसही नसते. जे दार विचारपूर्वक लावले त्याबद्दल तक्रार नाही. परंतु न कळत लागलेल्या दाराबद्दल मुलीने जन्मभर का भरपाई करावी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुढे शिकण्याची इच्छा ही सेवेच्या विरुद्ध आहे, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे प्रथम तपासू. ह्यातील चूक ही की, विद्या निराळी व सेवा निराळी असे ते धरून चालतात. आपल्या देशाचा इतिहास उलट साक्ष देतो. ज्या काळी परिचारिकेचे काम हलके मानून चांगल्या घरची माणसे त्यापासून दूर राहत, त्या काळी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा स्त्रियांस ससून इस्पितळात हे शिक्षण देवविले. त्या स्त्रिया शिकल्या म्हणून सेवा उणी झाली नाही. सेवेस मान मात्र आला. वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेचा दवाखाना घातला. १९०९ साली तेथे परिचारिकांची शाळा निघाली. आणि १९४६ साली तेथेच परिचर्येची पदवी सुरू झाली. त्याच साली दिल्लीसही पदवीचे कॉलेज निघाले, आणि १९५९ साली दिल्लीच्या त्या कॉलेजात त्यापुढची पदवीही देऊ लागले. एका खाटेपासून पदवीपर्यंत ही जी वाटचाल झाली ती कोणाच्या डामडौलासाठी झाली नाही. खाटा वाढल्या, रोगी वाढले, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांस शिकविणार कोण, हा प्रश्न उभा राहिला म्हणून झाली.

हाच प्रश्न १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीपुढेही होता. तिने १९४६ साली जो अहवाल दिला त्यात साऱ्या हिंदुस्थानात शिकलेल्या नर्सा सुमारे ७००० च असल्याचे दाखविले होते, आणि त्यांची संख्या वाढविण्याबरोबर विद्यापीठातील शिक्षणाचीही शिफारस केली होती. तेव्हापासून देशात शाळा व कॉलेजे पुष्कळ झाली. परंतु इमारत बांधली म्हणजे शिक्षिका आपोआप उत्पन्न होत नाही. कॉलेजात व्याख्यातीच्या जागी बसावयास एम.एस्सी. लागते. जर आमच्या चांगल्या, हाताने कुशल व मनाने कोमल अशा मुलींनी पुढे शिकणे हा गर्व समजून सोडून दिले, तर त्या जागी कोण बसेल? ज्यांस रोग्याचा कंटाळा आला व म्हणून ज्यांनी पुस्तकाचा आसरा घेतला, अशी माणसे बसतील. आणि पुढच्या पिढीच्या परिचारिका त्यांच्या हाताखाली तयार होतील. तेव्हा चांगल्या परिचारिकेने पुढे शिकावे ही रोग्याचीच गरज आहे. जिला रोग्याजवळून पळावयाचे आहे तिने एम.एस्सी. करू नये, जिला रोग्याजवळ राहावेसे वाटते तिनेच ती करावी.

आता तरुणांचे म्हणणे घेऊ. पदवीवाचून मान नाही, हे जगाच्या रीतीप्रमाणे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु ह्या म्हणण्यातील चूक ही की, त्यात पहिले शिक्षण केवळ शिडीची पायरी होऊन बसते. पायरीवर पाय ठेवून वर जावयाचे असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. परिचारिकेच्या बाबतीत ती पायरी म्हणजे जिवंत माणसे आहेत. शिकाऊ मुलगी चार वर्षे ज्या रोग्यांच्या आधाराने शिकते, त्यांतील कित्येकांचे आयुष्य त्या चार वर्षांतच संपावयाचे असते. पुढे मी मोठी झाले म्हणजे चांगली सेवा करीन, हे वचन त्यांच्या काय कामाचे?

एक साधे उदाहरण घ्या. अर्धांगाने पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसास दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. न वळविल्यास पाठीला व माकडहाडाला जखमा पडतात, त्या चिघळतात, आणि आजाराने जो मरावयाचा नव्हता तो जखमेने मरतो. हे काम परीक्षेत दोन-चार गुणांचे आहे. वॉर्डात ते जन्ममरणाचे आहे. जी मुलगी ५५ टक्क्यांच्या चिंतेने दोन वाजताची पाळी चुकविते आणि चादरींच्या खोलीत बसून त्याच जखमांवरील धडा पाठ करते, ती अभ्यासू म्हणवून घेईल. परंतु जे ती वाचत आहे तेच तिच्या पाठीमागे घडत आहे. अशा मुलीस गुण मिळतील. विद्या मिळाली असे आम्ही म्हणणार नाही.

तर मग पुढचा विचार करावा की हातातील कामाचा? आमचे उत्तर असे आहे की, निवड नीट केली तर ह्या दोहोंत विरोध राहत नाही. जे शिक्षण रोग्यास हितकारक तेच पुढच्या अभ्यासास पायाभूत असते. ज्या इस्पितळात खाटा भरलेल्या आहेत, जेथे शिक्षिका वॉर्डात उभ्या राहून शिकवितात, जेथे चूक झाली तर ती झाकत नाहीत, तेथे शिकलेल्या मुलीचा हातही तयार होतो आणि तिच्या मनात प्रश्नही उत्पन्न होतात. एम.एस्सी. म्हणजे पुस्तकांचे आणखी एक गाठोडे नव्हे. तेथे विद्यार्थिनीस स्वतः एक प्रश्न घेऊन त्याचा शोध करावा लागतो. जिने वॉर्डात काही पाहिलेच नाही ती प्रश्न तरी कोठून आणणार? म्हणून जे कॉलेज आजच्या रोग्यास फसविते ते उद्याच्या विद्यार्थिनीसही फसविते, असे समजावे.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी आम्ही क्रमाने देतो; उपदेशक बंधूंनी त्या आपल्या मंडळीतील आईबापांस वाचून दाखवाव्या.

पहिली गोष्ट मान्यतेची. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने देशातील ह्या शिक्षणाची इयत्ता ठरविली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा नवा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. आईबापांनी एवढे विचारावे की, ह्या संस्थेस मान्यता कोणाची आहे, परीक्षा कोण घेते, आणि उत्तीर्ण झालेल्या मुलींची नावे राज्याच्या परिषदेत नोंदली जातात की नाही. नोंदणी नसेल तर नोकरीही नाही व पुढचे शिक्षणही नाही. भिंतीवर टांगलेल्या रंगीत कागदावर विसंबू नये. गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीचे नोंदणीपत्र पाहावे.

दुसरी गोष्ट रोग्यांची. पदवीच्या कॉलेजास स्वतःचे १०० खाटांचे इस्पितळ असावे, आणि दर विद्यार्थिनीमागे तीन रोगी असावेत, असे परिषदेचे माप आहे. खाटा मोजणे सोपे आहे, परंतु खाटेवर रोगी आहे की नाही हे पाहावे लागते. म्हणून प्रवेशापूर्वी बापाने किंवा आईने मुलीस घेऊन तेथे जावे, आणि कचेरीत बसून न राहता रोग्यांस भेटण्याच्या वेळी वॉर्डातून फिरून यावे. गाद्या गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या, बाळंतिणीच्या खोलीस कुलूप असले, तर मुलगी तेथे काय शिकणार हे सांगावयास नको. मिशनच्या व सरकारच्या कित्येक जुन्या इस्पितळांत इमारत जुनी, वसतिगृह साधे, पण रोग्यांची रीघ असते. अशा ठिकाणी मुलीचे हात रिकामे राहत नाहीत.

तिसरी गोष्ट शिक्षिकांची. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका, असे माप आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींस बाजूला घेऊन विचारावे की, शिक्षिका वॉर्डात येतात काय? आजवर किती बाळंतपणे स्वतः पाहिली? त्या मुलींच्या तोंडावरून उत्तर कळेल.

चौथी गोष्ट भाषेची. अभ्यासाची पुस्तके इंग्रजीत असतात. मराठी शाळेत शिकलेली मुलगी पहिल्या सहा महिन्यांत ह्या एकाच कारणाने खचते, आणि पहिल्या वर्षाचे तिचे गुण पडतात. पुढच्या शिक्षणास जे ५५ टक्के लागतात ते साऱ्या वर्षांचे मिळून असतात. शेवटच्या वर्षी कितीही जोर केला तरी पहिल्या वर्षाचा खड्डा भरून काढणे कठीण जाते. तेव्हा जेथे नव्या मुलींस इंग्रजीचे साहाय्य मिळते ते ठिकाण बरे. आणि मंडळीतील शिक्षकांनी दहावीपासूनच अशा मुलीस रोज अर्धा तास इंग्रजी वाचावयास बसविले तर त्याहून बरे.

येथवर सर्व सोपे आहे. परंतु ज्या घरी पैसा नाही तेथे काय करावे? दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, घरात दोन किंवा तीन मुले, आणि मुलीस पदवीस जागा मिळते पण खाजगी कॉलेजात मिळते, अशी स्थिती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची आहे. जमीन गहाण ठेवावी काय?

पुढच्या शिक्षणाचे दार जी.एन.एम. ने बंद होत नाही हे आम्ही वर दाखविले. ते कर्जाने बंद होते. जी मुलगी मोठे कर्ज डोक्यावर घेऊन पदवीधर झाली, तिला पहिल्याच महिन्यापासून हप्ता भरावयाचा असतो. तिला एम.एस्सी. साठी दोन वर्षे पगार सोडता येत नाही. लहान गावी कमी पगारावर राहता येत नाही. जेथे पैसा अधिक तेथेच तिला जावे लागते. अशा रीतीने, पुढे जाता यावे म्हणून घेतलेले कर्जच तिचे पाय बांधते. उलट जी मुलगी कमी खर्चात, सरकारी किंवा मिशनच्या शाळेत जी.एन.एम. झाली, तिने एक-दोन वर्षे नोकरी करून काही शिल्लक टाकली आणि मग पोस्ट बेसिक पदवीस गेली, ती उशिरा पण मोकळ्या पायांनी पोहोचते. म्हणून जेथे सरकारी कॉलेजात पदवीची जागा मिळते, किंवा विद्यार्थिवेतन मिळते, तेथे पदवी अवश्य घ्यावी. आणि जेथे जमीन घालविल्यावाचून पदवी मिळत नाही, तेथे जी.एन.एम. ची वाट धरण्यात मुळीच कमीपणा मानू नये.

तथापि ह्या सल्ल्याची एक किंमत आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. कागदावर एका वर्षाचे असलेले अंतर प्रत्यक्षात पुष्कळदा कधीच न संपणारे होते. मुलगी नोकरीस लागली की तिचा पगार घरच्या जमाखर्चात मुरतो. धाकट्या भावाची फी, घराचे पत्रे, आईचे औषध, आणि मग लग्न. मी पुन्हा शिकावयास जाते, असे म्हणण्याची वेळ येते तेव्हा तिच्या पगारावर चार माणसे बसलेली असतात. कोणी तिला नको म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी जा, असे दरवर्षी म्हणतात. पदवीचा खर्च वाचविण्यासाठी ज्या घराने मुलीस लांबच्या वाटेने धाडले, त्या घराने तिला वाटेत अडवून ठेवणे हा उघड अन्याय आहे. ती थांबली ती तुमच्यासाठी थांबली. म्हणून जी.एन.एम. ची निवड करितानाच घरात सर्वांसमक्ष ठरवावे की, ती किती वर्षे नोकरी करील, त्यातून किती पैसे तिच्या पुढच्या शिक्षणासाठी तिच्याच नावे टपालात किंवा बँकेत पडतील, आणि कोणत्या साली ती पुन्हा निघेल. जेथे विवाहाचे बोलणे होईल तेथे ही गोष्ट वराकडील मंडळींसही आधीच सांगावी.

ह्याच संबंधात आणखी एक कटू गोष्ट बोलून ठेवितो. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी शेत विकताना ज्या घरी कोणी दुसरा विचार करीत नाही, त्याच घरी मुलीच्या शिक्षणाच्या वेळी काटकसरीची आठवण होते. काटकसर चांगली आहे, परंतु ती घरातील सर्वांस सारखी लागू असावी. कर्जाविषयी आम्ही वर जे लिहिले ते मुलांसही तितकेच लागू आहे. आणि परिचारिकेचे शिक्षण आता मुलगेही घेतात, त्यांच्याविषयीही आमचे म्हणणे हेच आहे.

कोणी म्हणेल, मंडळीने किंवा गावाने मदत करून मुलीस इतके शिकविले आणि ती मुंबईस किंवा परदेशी निघून गेली, तर आमचा काय लाभ? ह्या शंकेत तथ्य आहे, व तिचा राग मानण्याचे कारण नाही. जो पैसा देतो त्याने काही अपेक्षा करणे अन्याय्य नव्हे. परंतु अपेक्षा आधी, उघड व मोजून सांगितली पाहिजे. शिक्षण पुरे झाल्यावर दोन वर्षे अमुक ठिकाणी काम करावे लागेल, असे प्रथमच सांगितले आणि मुलीने समजून कबूल केले, तर तिने ते पाळावे. न पाळल्यास ती ऋणी आहे. उलट मदत देताना काही न बोलता नंतर उपकाराची आठवण देत राहणे, किंवा मुलीची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवून तिला नोकरीत डांबणे, हे न्यायाचे नव्हे. कागद दडपून ठेवून घेतलेली सेवा ही सेवा नसून वेठ आहे, आणि वेठीने आलेल्या हातांचा स्पर्श रोग्यास लगेच कळतो.

शिवाय गावी परत येण्यास आता पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. २०१८ सालापासून उपकेंद्रांचे आरोग्यकेंद्रांत रूपांतर होऊ लागले, आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून पदवीधर परिचारिकाही नेमल्या जातात. रक्तदाब व मधुमेह असलेल्यांची तपासणी, गरोदर स्त्रियांची देखरेख, औषधे देणे, वेळीच मोठ्या इस्पितळात धाडणे, ही कामे त्यांच्याकडे असतात. पदवी म्हणजे गाव सोडण्याचा परवाना, असे जे समजतात त्यांनी आपल्या जवळच्या उपकेंद्रात जाऊन पाहावे.

एम.एस्सी. पूर्वी जे एक वर्ष काम करावे लागते त्याविषयी दोन शब्द लिहून आटोपते घेतो. पुष्कळ मुली ते वर्ष फुकट गेले असे मानितात व कोठून तरी दाखला मिळवून ते कागदावर भरून काढण्याच्या विचारात असतात. आमच्या मते साऱ्या नियमांत हा नियम सर्वांत शहाणा आहे. पाच शाखांपैकी आपली शाखा कोणती, हे वर्गात बसून कळत नाही. पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत अलीकडच्या काठी थांबलेली बाळंतीण जिने पाहिली, तिला प्रसूतीची शाखा का घ्यावी हे कोणी सांगावे लागत नाही. भुताटकी म्हणून खांबाला बांधून ठेवलेला मनुष्य जिने सोडविला, तिला मनोरुग्णांच्या परिचर्येचा अर्थ समजला. जी हे वर्ष खोट्या दाखल्याने भरते ती शाखा निवडते ती नोकरीचा बाजारभाव पाहून; आणि पुढे तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींस देण्यासारखे तिच्याजवळ काय असते?

सारांश, मुलीने पुढच्या पायरीचा विचार पहिल्या दिवशीच करावा, यात पाप नाही व गर्वही नाही. न केल्यास तिच्यासाठी तो दुसरे कोणी, न कळत, करून टाकतात. परंतु तो विचार तिने शिडी निवडणाऱ्यासारखा न करिता पाया घालणाऱ्यासारखा करावा: मान्यता खरी पाहावी, खाटा भरलेल्या पाहाव्या, शिक्षिका वॉर्डात उभ्या असलेल्या पाहाव्या, कर्ज शक्य तितके कमी घ्यावे, आणि शाळेत शिरल्यावर समोर जो रोगी आहे त्याचे दोन वाजताचे काम दोन वाजता करावे.

आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंस विनंती आहे की, त्यांनी निकालाची वाट पाहत बसू नये. ज्या घरी मुलगी नववी-दहावीत आहे त्या घरी ह्याच महिन्यात जाऊन बसावे. विज्ञान शाखेची गोष्ट सांगावी, एस.टी. च्या पासाची माहिती द्यावी, बाप भीत असेल तर त्याच्याबरोबर इस्पितळ पाहावयास स्वतः जावे. एक दिवसाचा मजुरीचा खाडा होईल, पण मुलीच्या पुढील सात-आठ वर्षांचा निर्णय त्या दिवशी डोळ्यांनी पाहून होईल. आणि नोकरीस लागून दोन-चार वर्षे झालेली एखादी जी.एन.एम. मुलगी मंडळीत असेल, तर तिच्या आईबापांस हळूच विचारावे की, तिच्या पुढच्या शिक्षणाचे कोणते साल ठरले आहे.